मुराळी सुनंदाबाई

"चारू, पाय धुवाले पाणी आण व माय. मुराळी आली हाये," सुनंदाबाई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या.

कडेवरच्या चिमीला सावरत चारुलता तांब्या घेऊन आली. ओट्यावर सुपारी कातरत बसलेल्या सासऱ्यांचा, पितांबर नानांचा, अडकित्ता थांबला.

"बाईमानूस कधी मुराळी झालं का?"

"आज झालं, नाना. कामिनीले न्याले आली."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, किंवा दिवाळीला सासुरवाशिणीला माहेरी न्यायला येतो तो मुराळी. नेतो तसं सुखरूप परत आणून घालणंही त्याच्याच माथी. त्याला उंबऱ्यावरून रिकामं धाडलं तर घराचं नाव जातं. नानांनी स्वतः बहिणींसाठी अशा किती फेऱ्या मारल्या होत्या! पण कामिनी त्यांची सोळा वर्षांची लेक, चारुलताची नणंद. तिला न्यायचं होतं यावलला, अकरावी सायन्सला.

गावच्या शाळेत अकरावी-बारावी निघाली ती सुनंदाबाईंच्याच खटपटीनं. त्या मराठी शिकवत; पण सायन्सला मास्तर टिकेना. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, तेही कुलूपबंद. शेजारच्या गावांत तीच गत. शेवटी या शाळा चालवणाऱ्या संस्थेनं सगळ्या गावांचे वर्ग बंद करून यावलला एकच धड कॉलेज करायचं ठरवलं. बैठकीत पहिला हात वर केला सुनंदाबाईंनी. तेव्हापासून गाव त्यांच्याशी सरळ बोलत नव्हतं.

"तुम्हीच उघडलं, तुम्हीच कुलूप लावलं," नाना म्हणाले. "पोरगी एस्टीत जाईन, अन् आम्ही दिवसभर रस्त्याकडं पायत बसू काय? सतरा नंबर फॉर्म भरू. घरी बसून आर्ट्स करीन ती."

"घरी बसून सायन्स होत नाही, नाना."

"मंग नको सायन्स!"

दाराआड कामिनीच्या बांगड्या वाजल्या आणि गप्प झाल्या. नानांची भीती चारुलतालाही कळत होती. केळीचे ट्रक, स्टँडवरची टवाळ पोरं, चुकलेली बस, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढं आधीच घडून गेलं होतं. पण जळगावला बीएस्सीला गेल्यावर पहिल्याच प्रॅक्टिकलला तिच्या हातून ब्यूरेट, थेंब थेंब सोडायची काचेची लांब नळी, फुटली होती, तीही आठवत होती. बारावीपर्यंत तिनं ती फक्त चित्रात पाहिली होती. सगळा वर्ग हसला होता.

"नाना," ती बोलून गेली, "पहिल्या दिवशी मीही जाते सोबत. चिमीला घेऊन."

नानांनी सुनेकडे पाहिलं, मग बाईंकडे. "बठ्ठं सगळं ठरवूनच आल्या तुम्ही. अन् वर्ग गेला, तुमचं काय?"

"मले पाचवी दिली."

"मोठ्या पोरांची मास्तरीण, अन् आता शेंबडं पुसाल?"

"पुसीन की. नाक काय फक्त बारावीचंच असते?"

नानांना हसू आवरेना; ते लपवायला त्यांनी सुपारी तोंडात टाकली.

"पण आणून कोण घालीन?"

"मुराळीच घालते ना, नाना? पोरींचे पाय रुळेपर्यंत मी रोज शाळा सुटल्यावर यावलले जाईन अन् बठ्ठ्या पोरींले घेऊन येईन."

नानांनी अडकित्ता मिटून बाजूला ठेवला. मग घराकडे तोंड करून म्हणाले, "कामिने, मुराळी उपाशी जाते काय? पोळ्या टाक. अन् सोमवारची तयारी कर."

सोमवारी सुनंदाबाईंनी रजा टाकली. एस्टीत त्यांनी गावच्या पोरींना खिडकीकडे बसवलं आणि स्वतः दाराशी उभ्या राहिल्या. कंडक्टर म्हणाला, "अक्का, बसा ना." "बसली असती रे, पण हे माझं सामान मोजाचं हाये," त्या म्हणाल्या आणि पोरी खिदळल्या. चारुलता मात्र रस्ताभर प्रत्येक ट्रक नजरेनं मागं सारत होती.

कॉलेजात पोरी आत गेल्या. पालकांसाठी व्हरांड्यात बाकडं होतं. दुपारी समोरच्या प्रयोगशाळेत नळ वाहू लागले, काचेवर काच वाजली. चारुलता चिमीला घेऊन खिडकीशी गेली. कामिनीच्या हातात ब्यूरेट होती. शेजारच्या गावची एक पोरगी तिला काहीतरी सांगत होती. शिक्षक मागं हात बांधून नुसते उभे होते. नळीखालच्या काचपात्रातल्या पाण्यात एकाएकी फिका गुलाबी रंग उतरला; प्रयोग जमला होता. चारुलताचे डोळे भरून आले.

"बाई, या ना! बघा तरी!"

सुनंदाबाई जागच्या हलल्या नाहीत. "नको व माय. मी दिसली का ती माझ्याकडं पाहीन. तिनं आता हातातलं पाहावं."

मग त्या उठल्या. एकटीनंच बाकड्याचं एक टोक उचलून, फरशीवर आवाज होऊ न देता, त्यांनी ते खिडकीतून दिसणार नाही अशा कोपऱ्यात सरकवलं आणि भिंतीला पाठ टेकून बसल्या.