सरळ स्टेअरिंग, डावीकडे जीप

हेमंत भोये पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले, तेव्हा त्यांना शाल मिळाली, श्रीफळ मिळालं आणि मोखाड्यातल्या घरी आल्यावर कळलं, की उद्यापासून जीप येणार नाही. उभी नोकरी त्यांनी बसून काढली होती, तीही सरकारी जीपच्या डाव्या सीटवर. म्हणून त्यांनी नाशिकच्या एका भंगारवाल्याकडून चौसष्ट सालची जीप आणली. एवढी वर्षं शेजारी बसून पाहिलंय, त्यात अवघड ते काय, असं त्यांचं मत होतं. शेतीबद्दलही त्यांनी हेच मत आयुष्यभर बाळगलं आणि शेतकऱ्यांनी ते निमूट सोसलं.

त्यांच्या पत्नीचं, जयवंतीबाईंचं, जीप या वस्तूशी जुनं वाकडं. सरकारी गाडीत कुटुंबाला बसता येत नाही असा नियम, आणि हेमंतराव नियमाचे पक्के. बाई पिशवी घेऊन थांब्यावर उभ्या आणि साहेब धूळ उडवत पुढे, असा संसार झाला. आता जीप घरची होती. साखरशेतला बाईंच्या भाचीचं लग्न ठरलं, तेव्हा हेमंतरावांनी जाहीर केलं, की या लग्नाला आपल्याच जीपने जायचं आणि तू माझ्या शेजारी बसायचं.

"सरळ चालली तर बसेन," बाई म्हणाल्या. "नाय तर रुपीबरोबर काळीपिवळीनं जाईन."

रुपी ही बाईंची चुलत बहीण. तिची काळीपिवळी जीप माणसांनी ओसंडून वाहायची, पण पोचायची.

गाडं अडलं ते 'सरळ'वरच. जीपचं मूळ स्टेअरिंग तडकलेलं होतं, म्हणून हेमंतरावांनी त्याच काळातलं दुसरं मिळवून स्वतःच्या हाताने बसवलं. पहिल्यांदा ते दांड्यावर डुगडुगलं. नाक्यावरच्या मुकेश मेस्त्रीने दांड्याला नवा बुश घातला आणि डुगडुग थांबली. मग स्टेअरिंग पोटाला लागायला लागलं. दांडा मापापेक्षा लांब असल्याचा निष्कर्ष हेमंतरावांनी काढला.

"दांडा कसा वाढेल?" बाई म्हणाल्या. "त्याला कोण दोन टायम जेवाय घालतं?"

सीट मागे सरकवली. मग क्लचला पाय पुरेना, म्हणून पाठीशी उशी आली. उशीने साहेबांना पुढे ढकललं आणि पोट पुन्हा जागेवर आलं. शेवटी श्वास आत घेऊन चालवायचं ठरलं.

तिसरी तक्रार मात्र गूढ होती. स्टेअरिंगला तीन आरे, त्यातला एक बरोबर खाली लोंबायला हवा. घरी तो तसाच लोंबायचा. रस्त्यावर जीप सरळ धावायला लागली, की तो डावीकडे चढून बसायचा, घड्याळात आठ वाजल्यासारखा. घरी आणून नट सोडावा, पुलर लावून स्टेअरिंग उपसावं, दांड्यावरचे दाते तपासावेत, तर आरा पुन्हा सरळ. घरी सरळ आणि बाहेर वाकडं, हा प्रकार त्यांनी माणसांत पुष्कळ पाहिला होता, लोखंडात पहिल्यांदाच पाहत होते. दाते झिजलेत, दांड्याला पीळ पडलाय, रस्ताच वाकडा बांधलाय, अशी कारणं त्यांनी क्रमाने मांडली. मुकेशने फोनवर विचारलं, की बसवताना पुढची चाकं सरळ होती ना? हेमंतरावांनी त्याला आपल्या सेवेचा कालावधी सांगितला. मुकेश भला माणूस. मग ठीकच असेल, म्हणाला.

लग्नाच्या सकाळी जयवंतीबाई पिशवी घेऊन जीपमध्ये चढल्या. जव्हारपर्यंत बघते, म्हणाल्या, मग ठरवते. सुरुवात झकास झाली, कारण तिथला रस्ता वळणावळणाचा. सरळ म्हणजे काय हे त्यालाच ठाऊक नाही. पहिला सरळ पट्टा आला तेव्हा हेमंतरावांनी आरा नेमका खाली आणला आणि जीप अदबीने डावीकडच्या जाळीत शिरली.

बाईंनी केसातली काटकी काढली. "करवंदं पिकली नायत अजून. नंतर येऊ."

दुसऱ्या पट्ट्यावर दुसरी जाळी लागली. जव्हारच्या अलीकडे शाळेचं मैदान दिसलं, तशी तपासणीच्या नावाखाली हेमंतरावांनी जीप आत घातली. ती बापडी पहिल्यांदाच सपाट जमिनीवर उभी राहिली. साहेब चाकं बघायला खाली उतरले, हेही पहिल्यांदाच. पुढची चाकं नाकासमोर सरळ होती. आत डोकावले, तर आठ वाजलेले.

मग त्यांना घरचं अंगण आठवलं. उतार, चाकाखाली दगड आणि डोंगराकडे वळवलेली चाकं. उतारावर गाडी लावली की चाकं डोंगराकडे, हा त्यांचाच हुकूम. त्यासाठी त्यांनी किती ड्रायव्हरांना फैलावर घेतलं असेल. निवृत्तीनंतर तो हुकूम इमानाने पाळून, चाकं वळवून, वर सीटवर बसून त्यांनी स्टेअरिंग अगदी सरळ बसवलं होतं. पुलर आणि पाना अर्थातच घरी होते.

तेवढ्यात काळीपिवळी रस्त्याकडेला थांबली. रुपीने मान बाहेर काढली. "भाऊजी, जीप चराय सोडली काय? ताई, चल, जागा हाय."

जयवंतीबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. हेमंतरावांपाशी सबबीला झिजलेले दाते होते, उन्हाने तापलेलं लोखंड होतं, गरज पडली तर मुकेशही होता. त्यांच्या हातून झालेल्या एकाही चौकशीत अधिकारी दोषी निघाला नव्हता.

"जीपला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "चाकं वळलेली असताना मीच स्टेअरिंग सरळ बसवलं. मुकेशनं विचारलं होतं. मी खाली उतरून बघितलं नाही."

काळीपिवळीतली सगळी माणसं बाहेर वाकली. एवढं ऐकायला मिळेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

"म्हणजे वाकडं धरलं, की सरळ जाईल?" बाईंनी विचारलं.

"जाईल."

बाईंनी पिशवी रुपीच्या मांडीवर ठेवली. "नवरीची साडी हाय. ही आधी पोचव. आम्ही येतो मागून."

जोखीम अशी वाटून टाकून त्या जीपमध्ये बसल्या. पुढच्या प्रत्येक सरळ पट्ट्यावर हेमंतरावांचे हात सवयीने आरा खाली आणू बघायचे आणि बाई खिडकीबाहेर बघत नुसतं "वाकडं" म्हणायच्या. साखरशेतला दोघं पोचली तेव्हा पहिली पंगत उठत होती. बाईंनी तक्रार केली नाही; दुसऱ्या पंगतीला भात जास्त गरम असतो, असं त्यांचं म्हणणं पडलं.