सातने बुडवलेली बोट

डॉर्लीनने नवऱ्याची माफी मागितली. पण हे झालंच नाही असं समजा. तिनेही तसंच ठरवलंय.

तीस वर्षांपूर्वी या नवऱ्याने, वेंडेलने, बोट विकून सगळे पैसे फाशांवर घालवले. "आधी सात पडले, जिंकलो. नंतर सातच पडले, हरलो," एवढंच त्याचं म्हणणं. यावर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. पैसे कुणा बाईला गेले, असा डॉर्लीनचा पक्का संशय. तो सिद्ध करायला आज ती रीनो शहरातल्या कॅसिनोत फाशांच्या खेळाच्या सकाळच्या फुकट शिकवणीला गेली.

"पहिल्याच फेकीत दोन्ही फाशांचे मिळून सात झाले, की जिंकलात," शिकवणारी लूपे म्हणाली.

डॉर्लीनने फासे उजेडात धरून पाहिले, हुंगले आणि फेकले. सहा.

"आता पुन्हा सहा येईपर्यंत फेका, मॅडम. त्याआधी सात आले तर हरलात."

"मघाशी तर सातला जिंकत होते!"

"ते मघाशी."

"वेंडेलने किती दिले गं तुला?"

"कोण वेंडेल?"

"मी," मागे पॅनकेक खात उभा असलेला वेंडेल म्हणाला.

मग ते वर सांगितलेलं, न झालेलं झालं. घरी येताच डॉर्लीनने जुगार नियंत्रण मंडळाला अर्ज लिहिला: "सदरहू नियम तीस वर्षांच्या पूर्वलक्षी प्रभावाने रद्द करून अर्जदाराचा संशय पूर्ववत कायम करण्यात यावा, ही नम्र विनंती."