बॅगेत काय होतं

माझे बाबा थिएटरात डोअरकीपर होते. पहिली दहा मिनिटं उशिरा येणाऱ्यांना बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवायची, मग बाहेर येऊन दाराशी उभं राहायचं, आणि शेवटच्या दहा मिनिटांत पुन्हा आत जाऊन दारं उघडायच्या तयारीत थांबायचं, अशी त्यांची नोकरी. सकाळच्या खेळाला तिथे हॉलिवूडचे जुने, चाळीसच्या दशकातले, कुणी नावही न ऐकलेले सिनेमे लागायचे.

रविवारी दुपारी बाबा त्यातला एकेक सिनेमा आम्हाला सांगायचे. आई, आत्या, आत्याची मुलं, शेजारचे, सगळे जेवणं उरकून बाहेरच्या खोलीत जमायचे. त्या सिनेमांची भाषा बाबांना ओ की ठो कळत नसे, पण सांगायचे मात्र तिखटमीठ लावून. सुरुवात आणि शेवट आधीच सांगून टाकायचा आणि मग मधलं रंगवायचं, ही त्यांची पद्धत. आणि मध्यावर हमखास कुणीतरी दारावरचा माणूस यायचा. कधी बँकेचा पहारेकरी, कधी नाटकगृहाचा डोअरकीपर. सगळ्यांची गुपितं त्याला ठाऊक असायची आणि सगळी भानगड तोच निस्तरायचा.

आत्या म्हणायची, "दादा, तुझ्या सिनेमात हा मेला डोअरकीपर सगळीकडे कसा रे?"

"अगं, दार कुठे नसतं?" बाबा म्हणायचे.

सोळाव्या वर्षी मला शिंगं फुटली. कॉलेजच्या फिल्म क्लबात मी बाबांनी सांगितलेला एक सिनेमा अख्खा बघितला. सुरुवात तीच, शेवट तोच, मधलं सगळं वेगळं. त्या रविवारी बाबांनी हॉटेलाचा सिनेमा काढला होता. पिसाची टोपी घातलेली एक बाई मोठी चामडी बॅग घेऊन हॉटेलात शिरते. शेवटी त्याच दारातून हसत बाहेर पडते, पण हातात बॅग नसते. मधे दारावरच्या माणसाने ती बॅग जिन्याखाली लपवली होती. तो ती उघडणार, एवढ्यात मी म्हणाले, "पुरे बाबा. तुम्ही मधलं कधी बघितलेलंच नाही. नुसत्या थापा मारता."

आत्याच्या धाकटीने विचारलं, "मग बॅगेत काय होतं?"

बाबा पेलाभर पाणी प्यायले. "हिला विचार," ते म्हणाले. "ही शिकलेली आहे."

त्यानंतर त्यांनी एकही सिनेमा सांगितला नाही. रविवारी दुपारी ते झोपायला लागले. मी पुढे छापखान्यात मुद्रितं तपासायच्या कामाला लागले, म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढण्याचा मला पगार मिळू लागला. माझ्यासारख्या जिभेला हाड नसलेल्या बाईला ते काम बरं होतं. पण त्या रविवारची चूक काही मला दुरुस्त करता आली नाही. थेंबाने गेली ती हौदाने येत नाही म्हणतात, ते खरंच आहे.

गेल्या वर्षी कुणीतरी हे अडगळीत पडलेले सिनेमे साफसूफ करून इंटरनेटवर टाकले. लोक आता त्यांच्यावर भरभरून लिहितात. मीही रोज संध्याकाळी एकेक बघायला लागले. चांगले आहेत, नाही असं नाही. पण दहा मिनिटं झाली की मी दारावरच्या माणसाची वाट बघायचे, आणि तो यायचाच नाही. मग एके दिवशी पडद्यावर ती पिसाची टोपी दिसली. मी तिथेच बंद केलं.

त्या सिनेमातल्या बॅगेत काय होतं, याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. बाबांच्या बॅगेत काय होतं, ते मला हवं होतं.

बाबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत, माझ्या भावाकडे असतात. मी तिकडे गेले, लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला, त्या सिनेमाची पहिली दहा मिनिटं दाखवली आणि थांबवला.

"बाबा, इथून तुम्ही सांगा. त्या दिवशी माझं चुकलं. चारचौघांत तुम्हाला खोटं पाडलं मी. सांगा ना, बॅगेत काय होतं?"

"अगं ठमे, थांबवलंस कशाला?" बाबा खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "लाव, लाव. जन्मात पहिल्यांदा मधलं बघायला मिळतंय."

त्यांच्या तोंडावरचा आनंद बघून मला नाही म्हणवेना. मी लावला. बॅगेत चोरीचे दागिने निघाले आणि पोलीस ते घेऊन गेले. हॉटेलाच्या दारावरचा माणूस दोनदा दिसला, दोन्ही वेळा पाठमोरा. दुसऱ्या वेळी बाबा अगदी पडद्याजवळ वाकले.

"हा काही बोलत नाही?"

"नाही, बाबा."

बाई हसत बाहेर पडली. सिनेमा संपला. बाबांनी चष्मा काढून पुसला.

"तुझंच बरोबर होतं गं," ते म्हणाले. "मी आपला काहीबाही सांगत बसायचो."

"नाही हो बाबा, तुमचंच चांगलं होतं. आठवा ना. जिन्याखाली त्याने बॅग उघडली, मग?"

माझ्यासाठी त्यांनी डोळे मिटून खरंच आठवून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"आता दागिनेच दिसतात गं," ते म्हणाले.