विशेष माहितीचा रकाना

शिष्यवृत्तीच्या अर्जात 'पालकांविषयी विशेष माहिती' असा एक रकाना होता. गिरणीकामगाराची विशेष माहिती ती काय असणार? पण धोंडूकडे होती. सही सोडली तर त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून त्याने मुलीला, मालनला, ठळक अक्षरांत लिहायला लावलं: 'संयुक्त महाराष्ट्रासाठी एकवीस दिवस तुरुंगवास.' शिष्यवृत्ती देणाऱ्या ट्रस्टचे चिटणीस कमलाकांतराव परळच्या सभेत तुरुंगात गेलेल्यांना महाराष्ट्राचे खरे सुपुत्र म्हणाले होते. धोंडूने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मालनच्या कॉलेजची फी मिळालीच म्हणून समजा!

बापलेक लालबागहून गिरगावात ट्रस्टच्या कचेरीत गेले. कमलाकांतरावांनी अर्ज वाचून चष्मा काढला.

"हे कशाला लिहिलंस, धोंडू?"

"साहेब, तुम्हीच तर परळाक सांगितलात..."

"सभा वेगळी, ट्रस्ट वेगळा. पैसा शेटजींचा. त्यांना मोर्चेवाले चालत नाहीत." त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "चळवळीशी संबंध नव्हता, पोलिसांनी चुकून धरलं, एवढं लिहून दे."

हत्तीचे दाखवायचे दात धोंडूने परळला पाहिले होते. खायचे इथे दिसले.

मालन ताडकन उठली. "चला बाबा. माका नको कॉलेज."

"गप रव! लिही." तिची आई गिरणीच्या वाइंडिंग खात्यात, सुताच्या धुळीत, खोकून खोकून गेली होती. पोरगी तिथे जाऊ नये, एवढंच धोंडूला कळत होतं.

मालनने रडत लिहिलं. त्याने सही केली.

"दर जूनला असं पत्र लागेल," कमलाकांतराव म्हणाले. "नियम आहे."

सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ. दर वर्षी धोंडूने आपले एकवीस दिवस पुसले. साठ साली महाराष्ट्र झाला. चाळीत गुलाल उधळला, लोकांनी धोंडूला खांद्यावर घेतलं. तो मान खाली घालून बसला होता.

जूनमध्ये मालन म्हणाली, "आता तरी नको, बाबा. राज्य इला आपला."

"एकच वरीस रवला. लिही."

चौथं पत्र घेऊन तो एकटाच गेला. कमलाकांतरावांचा आदल्याच दिवशी चळवळीतल्या कामाबद्दल सत्कार झाला होता. त्यांनी पत्र न वाचताच फायलीत घातलं आणि पुडा पुढे केला.

"घे, धोंडू. महाराष्ट्र झाल्याचा पेढा."

पोरीचं शेवटचं वर्ष होतं. धोंडूने पेढा घेतला आणि त्यांच्यासमोरच खाल्ला.