मागातली खळ

भर दुपारी मावशीच्या दारात एवढी गर्दी, की मला कोपरं मारत आत शिरावं लागलं. आत शिंतोडेबाबा उभे. हातात तांब्या, ओठांवर पुटपुट. समोर मावशीचा जुना हातमाग, त्यावर ताणलेलं पांढरं सूत. बाबांनी पाणी शिंपडलं आणि सुतावर निळेकाळे डाग उमटले.

"अगं बाई!" गर्दी दोन पावलं मागे.

"या मागात मागचा मालक बसलाय!" बाबा गरजले. "बाईची बोटं खायला! आत्ताच्या आत्ता जाळा!"

वर्षापूर्वी मावशीच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. बोटं चालती ठेवा, नाहीतर आखडतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून तिने भंगारवाल्याकडून हा माग आणला, किडके दांडे बदलले, सूत ठोकून बसवायच्या फणीचा गंज घासला आणि विणणं शिकायला बसली. पण आडवं सूत नेणारा तो होडीसारखा धोटा ती खालीच विसरायची. त्यावर पाय पडून काका दोनदा आपटले. त्यात शेजारणीचा टीव्ही बिघडला. झालं! काकांनी आठ दिवस माग बंद ठेवला आणि बाबांना गाठलं.

"खळ शिरलाय यात, खळ! महादुष्ट!"

"शिरलाय नाही, लावलीय," मावशी म्हणाली. "पिठाची खळ. उभं सूत तुटू नये म्हणून."

"तू गप गं!" काकांनी शेजाऱ्याकडे काडेपेटी मागितली.

बाबांनी जोरात दुसरा शिंतोडा मारला. तो नेमका काकांवर. त्यांच्या कडक सदऱ्याची कॉलर निळीकाळी!

"आता यांच्यात शिरला!" कुणीतरी किंचाळलं. काकांभोवती मैदान मोकळं झालं. शेजारी काडेपेटी घट्ट धरून काकांकडेच बघू लागला.

"अहो, मी... मी रोज आंघोळ करतो!" काका कळवळले.

मावशीला हसू आवरेना. "उरलेली खळ तुमच्याच सदऱ्याला दिली होती मी!" तिने बाबांच्या हातातला तांब्या ओढून हुंगला. पाणी पिवळसर होतं. "हे आयोडीन. दवाखान्यात जखमेला लावायचे." तिने बटाटा चिरून त्यावर चार थेंब टाकले. बटाटा निळाकाळा.

"पिठूळ वस्तूवर आयोडीन पडलं की असंच होतं. आता बटाट्यातही मागचा मालक का हो, बाबा?"

बाबा मागच्या दाराने सटकले. धोटा तिथेच होता. आपटले.

गर्दी खिदळत पांगली. दोघीजणी मात्र उरलेलं पाणी हळूच मागून घेऊन गेल्या.

मावशी मागावर बसली. करंगळी उघडेना. आठ दिवसांपूर्वी उघडत होती. काका खाली बसले आणि ती करंगळी चोळत राहिले. "भुताने नाही गं," ते पुटपुटले, "मीच खाल्लं हे बोट."

म्हणून सांगतो, कुणी पाणी शिंपडून भूत दाखवलं, तर काडेपेटी शोधण्याआधी घरातून एक बटाटा आणा.