ऐकण्याआधीची टिंबं

अशी कल्पना करा, की तुम्ही एका कपाटात उभे आहात. लोखंडी कपाट नव्हे, भिंतीतच केलेलं, आत शिरून दार ओढून घेता येईल एवढं. अमेरिकेत त्याला क्लॉझेट म्हणतात. चारी बाजूंना जाड कोट, बाबांची बर्फात घालायची जाकिटं, आईच्या साड्यांच्या पिशव्या. हातात फोन आहे आणि तुम्ही त्या कोटांना मोठ्याने गोष्ट वाचून दाखवताय. हसू नका. कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही, म्हणून रेकॉर्डिंग स्वच्छ येतं.

अमेरिकेतल्या क्युपर्टिनो गावात राहणारी तेरा वर्षांची आन्या अशीच कोटांमध्ये उभी राहून वाचायची. तिची आई सुलेखा शेजारच्या सनीव्हेलमध्ये इंग्रजीचा एक छोटा क्लास चालवत असे. चीनमधून इथल्या हायस्कुलात शिकायला येणारी मुलं उन्हाळ्यात तिच्याकडे तयारी करत आणि शेवटी परीक्षा देत. परीक्षेचे भाग दोन. पहिल्यात रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकायचं आणि प्रश्नाखालच्या तीन उत्तरांतलं बरोबर ते निवडायचं. दुसऱ्यात उतारे वाचून उत्तरं द्यायची. ऐकण्याच्या भागात खऱ्या अमेरिकन मुलीचा आवाज हवा, म्हणून आई आन्याला क्लॉझेटमध्ये पाठवायची.

त्या वर्षी एक विद्यार्थिनी त्यांच्याच घरी राहत होती. तिचं नाव शिन्यी, वय सोळा. जवळच्या एका खाजगी शाळेने तिला दहावीत घ्यायचं कबूल केलं होतं, पण एका अटीवर. सुलेखाच्या क्लासकडून चांगले मार्क आले पाहिजेत. तसे मार्क शाळेला कळवले गेले, की ऑगस्टपासून शाळा. नाहीतर परतीचं विमान.

शिन्यी आणि आन्याची छान गट्टी जमली होती. दोघी मिळून थालीपिठं करपवायच्या आणि खिडक्या उघडून धूर घालवायच्या.

मग मंगळवारी परीक्षा झाली, आणि त्या संध्याकाळी परीक्षितकाका घरी आले.

परीक्षितकाका हे बाबांचे कॉलेजपासूनचे मित्र. चिपच्या कंपनीतली नोकरी सुटल्यापासून ते क्लासमध्ये मदत करत. परीक्षेच्या वेळी वर्गात तेच फिरत होते. त्यांनी दारात बूट काढले आणि बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली.

"वहिनी, पेपर फुटलाय."

"काहीतरी काय बोलताय?" आई म्हणाली.

"डोळ्यांनी पाहिलं. रेकॉर्डिंग सुरूच झालं नव्हतं. मी सांगत होतो, नाव लिहा, फोन बंद करा. तेवढ्यात शिन्यीची उत्तरांवर पेन्सिलीने टिंबं देऊन झाली होती! न ऐकता! आणि शेवटी मार्क किती? एक सोडून सगळे."

आईने पेपर पाहिला. "यात दोन-तीन टिंबं खोडलीयत की. उत्तर दुसरंच दिलंय."

"तीच तर हुशारी. सगळं बरोबर आलं तर आपल्याला संशय येईल ना! आणि रीडिंगला काय केलं माहितीये? उताऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आधी प्रश्न. ज्याला उतारा आधीच ठाऊक असतो तोच असं करतो."

पेपर आईनेच घरी काढला होता. तो घरातच होता. तिने आन्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं आन्याला आवडलं नाही.

"आन्या, तू तिला काही सांगितलंस?"

"नो! आई, आय स्वेअर, मी काहीच नाही सांगितलं."

"मैत्रीण म्हणून, सहज बोलता बोलता?"

"आई! मी सांगितलं नाही म्हटलं ना!"

"मग तिने ऐकलं असणार," काका म्हणाले. "तुमचं ते क्लॉझेट तिच्या खोलीला लागूनच आहे ना?"

होतं खरं. मधे एक भिंत, आणि अमेरिकेतल्या घरांच्या आतल्या भिंती कशा असतात हे तुम्हाला माहीत नसेल तर एकदा बोटाने टकटक करून पाहा.

"तिलाच विचारू या," आई म्हणाली.

"अजिबात नको. विचारलं तर सावध होईल. शनिवारी तिची एकटीची परीक्षा परत घ्या. नवा पेपर काढा. काय ते समजेल."

शिन्यीला एवढंच सांगितलं, की रेकॉर्डिंग नीट वाजलं नाही, म्हणून शनिवारी पुन्हा. ती "ओके" म्हणाली. का, कसं, काही विचारलं नाही. तेही आन्याच्या मनात खटकलं. खोटं नसतं तर विचारलं नसतं का?

संशयाचं असं असतं, मुलांनो. तो एकदा घरात आला की सगळ्या गोष्टी त्याच्याच बाजूने बोलायला लागतात. शिन्यी कानात इअरफोन घालून काहीतरी पुटपुटत असे. आधी आन्याला त्यात काही वाटलं नव्हतं, आता वाटू लागलं. शिन्यी तिच्या आईशी फोनवर चिनी भाषेत बोलत असे, आणि त्या बोलण्यात मधूनच 'आन्या' ऐकू येई. माझं नाव कशाला घेते ही? काय सांगते?

इकडे जेवणाच्या टेबलावर काय चाललं होतं, तेही ऐका. दुकानात, लिफ्टमध्ये, समोरच्याला कळू नये असं काही बोलायचं असलं की मराठीत बोलायचं, ही त्या घराची जुनी सवय. बुधवारी शिन्यी समोर बसून वरणभात खात असताना आई बाबांना म्हणाली, "शिन्यीच्या शाळेला मी काय कळवू, मला सुचतच नाहीये."

"अगं, तिच्यासमोर?" बाबा म्हणाले.

"तिला कुठे कळतंय?"

आपलं नाव ऐकून शिन्यीचा चमचा थांबला होता. गुरुवारी ती म्हणाली, भूक नाही, आणि ताट घेऊन खोलीत गेली. आन्याला वाटलं, पाहा, तोंड लपवते.

त्या गुरुवारी दुपारी आन्याने एक सापळा लावला.

आईचा नवा पेपर तयार होता. खरं रेकॉर्डिंग शुक्रवारी आईच्या गाडीत, बंद गॅरेजमध्ये करायचं ठरलं होतं. तिथला आवाज शिन्यीपर्यंत पोचणं शक्य नव्हतं. आन्याने त्यातले चार प्रश्न घेतले आणि त्यांच्यासाठी मनानेच खोटे संवाद रचले, प्रश्नाखालच्या तीन उत्तरांतलं एक चुकीचं उत्तर बरोबर वाटेल असे. मुलगा लायब्ररीत कशाला गेला? आईच्या खऱ्या संवादात तो विसरलेली छत्री शोधायला जातो. आन्याने लिहिलं, पुस्तक परत करायला. बाईला उशीर का झाला? खरं, चुकीच्या इमारतीत गेली म्हणून. आन्याचं, ट्रॅफिक. आजोबांनी काय मागवलं? खरं, पिझ्झा. आन्याचं, कॉफी. कुत्रा का भुंकतोय? खरं, आरशात स्वतःलाच पाहिलं म्हणून. आन्याचं, पोस्टमन आला म्हणून.

मग ती क्लॉझेटमध्ये शिरली, दार मुद्दाम थोडं उघडं ठेवलं, आणि ते खोटे संवाद भिंतीकडे तोंड करून, चांगले खणखणीत वाचले. पलीकडे शिन्यी होती. खुर्ची सरकल्याचा आवाज आन्याने ऐकला.

शनिवारी सनीव्हेलच्या वर्गात फक्त चौघं होते. आई, परीक्षितकाका, शिन्यी, आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबायला आन्या. काकांनी पेपर दिला आणि सूचना वाचायला लागले. आन्या पाण्याची बाटली आणायच्या निमित्ताने शिन्यीच्या मागून गेली.

पेन्सिल चालू होती. टिंब, टिंब, टिंब.

पुस्तक परत करायला. ट्रॅफिक. कॉफी. कुत्र्याला मात्र तिने भूक लागल्याचं उत्तर दिलं होतं, पण चारपैकी तीन आन्याची खोटी उत्तरं होती. म्हणजे ऐकलंच हिने! भिंतीला कान लावूनच ऐकलं!

तिने बटण दाबलं. रेकॉर्डिंग वाजलं. शिन्यीने ऐकता ऐकता ती टिंबं खोडली आणि सगळीच्या सगळी उत्तरं बरोबर दिली.

घरी आल्यावर शिन्यी थेट वर तिच्या खोलीत गेली. खाली दिवाणखान्यात आन्याने आईला आणि काकांना सापळ्याची हकीकत सांगितली. सांगताना आपण काहीतरी मोठं शोधून काढलंय, असं तिला आत कुठेतरी वाटत होतं.

"शाब्बास!" काकांनी मांडीवर थाप मारली. "वहिनी, आता तरी पटलं? लिहा शाळेला."

"पण शेवटी उत्तरं तर तिने बरोबरच दिली," आई म्हणाली.

"ते सोडा. चोरून ऐकलं की नाही?"

आईने लॅपटॉप उघडला. एक ओळ लिहिली, पुसली, पुन्हा लिहिली.

एवढ्यात बाबा चहाचा कप घेऊन आले. त्यांना एक खोड होती. पेपरात कोडं दिसो, डॉक्टरकडे प्रश्नावली दिसो, पेन हातात असलं की भरून टाकायची. टेबलावर प्रश्नपत्रिकेची एक कोरी प्रत पडली होती. चहा पिता पिता त्यांनी तिच्यावर खुणा करायला घेतल्या.

"झालं. किती मार्क?" त्यांनी कागद आन्याकडे सरकवला.

आन्याने सहज पाहिलं, आणि मग परत पाहिलं. पुस्तक परत करायला. ट्रॅफिक. कॉफी. पोस्टमन.

"बाबा, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काय?"

"हेच. लायब्ररीत पुस्तक परत करायला गेला, हे."

"अगं, माणूस लायब्ररीत आणखी कशाला जाणार? छत्री शोधायला?"

"संजीव," काका म्हणाले, "तूपण गुरुवारी कान लावून बसला होतास की काय?"

"गुरुवारी मी सॅन फ्रान्सिस्कोत होतो, यार. दिवसभर मीटिंग. का, काय झालं?"

आन्या कागदाकडे बघत राहिली. बाबांनी खरा संवाद ऐकला नव्हता, खोटाही ऐकला नव्हता, आणि तिच्या खोट्या उत्तरांशी त्यांची चारही उत्तरं जुळली होती. शिन्यीची तर तीनच. खोटे संवाद रचताना आन्याने प्रत्येक वेळी कोणालाही पटकन सुचेल तेच निवडलं होतं. जे कोणालाही सुचतं, ते शिन्यीलाही सुचलं असेल. न ऐकता.

आईचा हात लॅपटॉपवरून बाजूला झाला.

"हे ठीक आहे," काका जरा नरमून म्हणाले, "पण ऐकायच्या आधी टिंबं द्यायचीच कशाला? हे कोण सांगणार?"

"ती सांगेल," आन्या म्हणाली. "शी इज राइट देअर, काका. वर बसलीय."

आन्या वर गेली आणि दार वाजवलं. शिन्यी पलंगावर बसली होती. दोघी इंग्रजीतच बोलल्या, मी तुम्हाला मराठीत सांगतो.

"तू रेकॉर्डिंगच्या आधी टिंबं का देतेस?"

शिन्यीला प्रश्नच समजला नाही. "म्हणजे? तुम्ही नाही देत?"

"नाही."

"आमच्या शाळेत सगळे देतात. सर म्हणायचे, टेप सुरू व्हायच्या आधी हात रिकामा ठेवायचा नाही. प्रश्न वाचा, काय असेल ते ओळखा, टिंब द्या. मग ऐकताना एकच काम उरतं. माझं टिंब बरोबर आहे की चूक, एवढंच ऐकायचं. चूक असलं की खोडायचं. वाचायच्या उताऱ्यालाही तसंच, प्रश्न आधी. आमच्या वर्गात साठ मुलं होती. टेप सुरू व्हायच्या आधी साठ पेन्सिलींचा आवाज यायचा, पाऊस पडल्यासारखा." ती थांबली. "हे मला मंगळवारीच का नाही विचारलं कोणी?"

आन्याने जे घडलं ते सांगितलं. पेपर फुटल्याचा संशय, क्लॉझेटचं उघडं दार, खोटे संवाद, सगळं.

"तू मला पकडायला ते वाचलंस?"

"हो. आय अ‍ॅम सॉरी."

"मला वाटलं, तू रागावलीस माझ्यावर. मी आईला फोनवर रोज तेच सांगत होते. आन्या आता माझ्याशी बोलत नाही, मी काय चुकले कळत नाही." शिन्यी खिडकीकडे वळली. "दार लावून घे."

आन्याने दार लावलं आणि जिना उतरून खाली आली. शिन्यीने काय सांगितलं ते तिने तिघांसमोर, एकही शब्द न गाळता सांगितलं. साठ पेन्सिलींचंही. आईने आधीची ओळ पुसली. शिन्यीचे मार्क लिहिले, दोन्ही परीक्षांचे, आणि ईमेल पाठवून दिली.

"चला, सुटलं एकदाचं," परीक्षितकाका उठले. "शेवट गोड झाला ना, मग झालं. निघतो मी. घरी वाट बघत असतील."

"वर जाऊन तिच्याशी बोलून तरी जा," आई म्हणाली. "मलाही यायचंय."

"मी कशाला, वहिनी? लहान आहे ती, विसरेल. तुम्ही सांगा ना माझ्या वतीने."

ते दाराकडे निघाले. पण आन्या त्यांच्या आधी दारापाशी पोचली. तिने काकांचे दोन्ही बूट उचलले, छातीशी धरले, आणि वर जाणाऱ्या जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, शिन्यीच्या दाराशी जाऊन बसली.