‘एम्प्टी पूल’ची दुसरी बाजू

शुभांगीला रविवारपर्यंत दम निघत नव्हता. कॅसेट गुरुवारी हाती आली आणि तेव्हापासून शाळेत चित्रकलेचा तास घेतानासुद्धा तिच्या डोक्यात तीच गिटार वाजत होती. फळ्यावर कलिंगड काढता काढता तिने खडूने ठेका धरला, तेव्हा पुढच्या बाकावरची मुलगी ओरडली, "बाई, कलिंगड हलता!"

ते पंचाण्णव साल. बँडचं नाव ‘द वेट मॅचेस’, अल्बमचं नाव ‘एम्प्टी पूल’, नुकताच आलेला. तिच्या गावात, पार्श्यात, हे सांगणार कुणाला? सांगण्यासारखी माणसं दोनच होती, आणि ती राहायची तिकडे सुर्ल्याला. सुदेश खाणीच्या वजनकाट्यावर नोकरीला होता. भाग्यलक्ष्मी डिचोलीच्या एका दवाखान्यात नर्स होती. तिचे वडील बेळगावकडून खाणीवर मशीन चालवायला आले ते इथलेच झाले. तिघांची ओळख म्हापशाला, रघुनाथच्या कॅसेटच्या दुकानात झाली. एका शुक्रवारी बाजाराला आलेल्या तिघांनी एकच कॅसेट मागितली आणि रघुनाथकडे तिची एकच प्रत होती. ती कुणी न्यायची यावरून भांडण झालं आणि भांडणातून दोस्ती.

मग रविवारी सुदेशच्या घरी जमायचं ठरलं. इतर दिवशी खनिजाच्या ट्रकांपुढे स्वतःचा आवाज ऐकू येत नसे. आळीपाळीने एकाने नवा अल्बम आणायचा. तिसऱ्या गाण्यापर्यंत पटला नाही तर बंद. शुभांगीचा मागचा अल्बम तिसऱ्या गाण्यालाच बंद पडला होता, आणि तो घाव अजून ताजा होता.

"आज मध्ये कुणी बोलायचं नाही," ती उंबऱ्यातच म्हणाली.

"आधी पाणी तरी पी गे," सुदेश हसला.

"पाणी नंतर. डेक लाव."

जनेलाजवळ, खिडकीच्या उजेडात, सुदेशचे काका, सगुण, पेपर वाचत बसले होते. देवळात भजनाला पखवाज वाजवणारा माणूस. दर रविवारी ते या गाण्यांना नावं ठेवायचे, आणि दर रविवारी बरोबर तिथेच येऊन बसायचे.

कॅसेट सुरू झाली. आधी नुसती एक गिटार, रिकाम्या घरात कुणी भांडी सरकवावीत तशी. मग ड्रम असे आले की भाग्यलक्ष्मीचा चहात बुडवलेला उंडा पाव तोंडाशीच थांबला आणि अर्धा कपात पडला. तिसरं गाणं आलं आणि गेलं. बंद करायला कुणी हात वर केला नाही. चौथ्या गाण्यात मागे सगळा बँड आकांत करतो आणि गाणारी बाई मात्र कानात गुपित सांगावं तशी कुजबुजते. सुदेश उठून उभाच राहिला.

"परत लाव! हेच परत!"

"नाही! सलग ऐकायचं," शुभांगी म्हणाली. तिचे गाल तापले होते. आपण जिंकलो, असं तिला वाटत होतं.

बाजू उलटली. पहिल्या गाण्याच्या मध्येच त्या बाईचा आवाज जड झाला, खोल गेला, विहिरीत उतरल्यासारखा.

"हे भारी केलंय की!" भाग्यलक्ष्मी म्हणाली.

"हे गाण्यात नाहीये!" शुभांगी किंचाळली. "बंद कर! बंद कर!"

सुदेशने झाकण उघडेपर्यंत डेकने टेप गिळली होती. चुरगळलेल्या शेवयांसारखा तो गुंता त्याने बोटांनी हळूहळू सोडवला, पेन्सिल घालून गुंडाळू लागला, आणि टेप तुटली.

शुभांगीच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या बसगाड्या बदलून ती हेच ऐकवायला आली होती.

"पण पुढं काय होतं?" भाग्यलक्ष्मीने विचारलं. "सांग की."

"असं कसं सांगू?"

"जमंल तसं सांग."

शुभांगीने नाक पुसलं. "पुढे... ती थांबते. एकदम. आणि नुसते ड्रम येतात, असे," म्हणत तिने मेजावर थापा मारल्या. जमेना. पुन्हा मारल्या. "असे नव्हे, यापेक्षा जड! मग गिटार येते, घाटावरून रिकामा ट्रक खडखडत उतरावा तशी." आणि तिने तोंडाने तो आवाज काढला. आधी लाजत, मग न लाजता. ती उभी राहिली. "सुदेश, तू एकच सूर धर. आऽऽ. सोडू नकोस! भाग्या, तू टाळी दे."

पेपर खाली आला. "मागीर?" सगुणकाकांनी विचारलं. "ताचे फुडें काय जाता?"

"मग ड्रम दुप्पट होतात, काका."

"तुजे हात दुखतले, चेडवा. दी हांगा." काकांनी बिस्किटांचा रिकामा डबा मांडीवर ओढला आणि घोळून घोळून वाजवायला लागले. ते गाण्यात होतं तसं मुळीच नव्हतं, पण शुभांगीच्या अंगावर काटा आला. शेवटच्या गाण्याला तर ज्या इंग्रजी ओळी आठवत नव्हत्या तिथे ती नुसतं ‘ना ना ना’ करत घसा फाटेस्तोवर ओरडली. संपलं तेव्हा शेजारीण कुंपणाशी उभी राहून विचारत होती, कुणाला काय लागलं का.

पुढच्या शुक्रवारी तिघं रघुनाथच्या दुकानात हजर झाली. ‘एम्प्टी पूल’ची एकच प्रत उरली होती. "दुसरी बाजू लाव," सुदेश म्हणाला, आणि तिघं काउंटरवर वाकली.

दुप्पट होणारे ड्रम जेमतेम चार मात्रांचे निघाले. आणि शेवटचं गाणं? त्यात ओरडणं नव्हतंच. ती बाई एखादं मूल झोपवावं तशी हळू गात होती.

"गे, हे तू ओरडून म्हटलंस?" सुदेश हसत सुटला.

"मला असंच ऐकू आलं होतं!" शुभांगी लाल झाली. "आतून ती ओरडतेच आहे. नीट ऐक!"

"मला शुभांगीचंच आवडलं," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "हे जरा मवाळच हाय."

तिघं एकदम बोलू लागली. शेजारी एक माणूस आईसाठी भजनाची कॅसेट घ्यायला उभा होता. अभिजीत, गडहिंग्लजचा, इथे एका कारखान्यात फिटर. "काय लावलंय वो हे?" त्याने विचारलं.

कुणीतरी विचारायचाच अवकाश होता. शुभांगीने त्याला रिकाम्या घरातली गिटार सांगितली, कुजबुजणारी बाई सांगितली, चौथं गाणं अंधारात नाही तर डोळे मिटून तरी ऐकायला बजावलं. ऐकता ऐकता अभिजीतने खिशात हात घातला आणि रघुनाथने कॅसेट त्याच्या पिशवीत टाकलीसुद्धा.

तिघं बघतच राहिली.

"आमची शेवटची प्रत," सुदेश पुटपुटला. "तूच विकलीस, बाये."

आता परत कुठल्या तोंडाने मागणार? शुभांगीने क्षणभर विचार केला आणि त्याच्या मागे धावली. "अहो! रविवारी सुर्ल्याला या, या सुदेशच्या घरी! कॅसेट घेऊन! तिथे सगळी मिळून ऐकू."

अभिजीत वळला. "येतो की," तो म्हणाला. "पण मी पण एक आणणार. गेल्या महिन्यात आलीय, ड्रमवाला नुसता पिसाळलेला हाय. ती ऐकायला लागंल बघा."

"तीन गाण्यांत पटली तर!" शुभांगी ओरडली.

"पहिल्यातच पटंल!" तो गर्दीतून ओरडला.